शोभाताईंचा फोन

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पॅथॉलॉजिस्ट बाई मी, अख्खं आयुष्य रक्त-लघवीत गेलं. कोणी भुताचं सांगू लागलं की मी विचारायचे — सॅम्पल आणलंय का?

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. भंडाऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नुकतीच कॉम्प्युटर सिस्टिम बसवली होती. रिपोर्ट थेट वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसायचा. तरी जिवावर बेतणारा आकडा आला तर फोन करून सांगायचा, हा नियम. ते काम शोभाताईंचं. वरठीहून यायच्या, आमच्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. कधी वाद नाही, रुसवाफुगवा नाही. त्या काविळीने गेल्या तेव्हा मी घरचं माणूस गेल्यासारखी रडले.

नंतर काही दिवसांनी एका पेशंटचं पोटॅशियम फार वाढलेलं आलं. ते वाढलं की हृदय थांबू शकतं, म्हणून मी घाईने वॉर्डात फोन लावला. नवीन सिस्टर शांतपणे म्हणाली, "इंजेक्शन देऊनच राहिली मॅडम. तुमच्या शोभाताईंनी केव्हाच सांगितलं ना."

मशीनमधून आकडा आत्ता कुठे बाहेर पडला होता...

मला चेष्टा वाटली. मी तिला झापलंसुद्धा. पण फोन येत राहिले, आणि प्रत्येक आकडा बरोबर! पेशंट वाचत होते. जुन्या सिस्टर आवाज ओळखून हात जोडायच्या. मीही गप्प बसले. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, ही तर लाथही मारत नव्हती.

मग माझा दादा ॲडमिट झाला. पवनीहून आणला होता, किडनी आधीच अधू. उलट्या, हातापायांत त्राण नाही. रक्त मी स्वतः काढलं, स्वतः मशीनवर लावलं. तेवढ्यात वॉर्डात फोन वाजला.

"शोभा बोलून राहिली. मॅडमच्या भावाचं पोटॅशियम बरोबर आहे. काळजी नोका करू."

सिस्टरने तयार ठेवलेलं इंजेक्शन बाजूला सारलं. वहिनी कितीतरी वेळाने हसली. यायले नारियलपाणी देऊ काय, म्हणून तिने विचारलं. सिस्टर म्हणाली, द्या की.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. माझ्या स्क्रीनवर दादाचा खरा आकडा आला तशी मी जिन्याने धावत सुटले. तो उशीला टेकून स्ट्रॉने पीत होता. मला पाहून म्हणाला, "बाई, तू बी घे थोडं."

आम्ही सगळं करून पाहिलं. दादा गेला. नारळपाणी दिलं म्हणून का, असं वहिनी अजून विचारते. मी नाही म्हणते.

फोन थांबले नाहीत. लाइन तपासली, एक्सटेन्शन बदललं, काही सापडलं नाही. एकदा मी वॉर्डातच होते, मीच उचलला. तोच आवाज.

"शोभाताई, माझ्या दादानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

त्या म्हणाल्या, "दोन नंबरच्या बेडचं पोटॅशियम वाढलं आहे मॅडम. लवकर करा."

आकडा बरोबर निघाला. माणूस वाचला. तेवढा एकच फोन खोटा का, हे मला आजही कळलेलं नाही — कोणाला कळत असेल तर सांगा. त्या माणसाची बायको माझ्या पाया पडायला वाकली, आणि मला तिचा इतका राग आला की मी पाय मागे घेतले.