भाताचा टोप रविवारी येतो

शेवंता आत्या नसती तर मी म्युझियममध्ये नोकरीला लागलो नसतो. बिरवाडीत कंपनीतल्या कामगारांसाठी ती खानावळ चालवते. त्या खानावळीवर मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. आणि तिच्याकडेच भाताचा टोप मागायला मला पाठवलं होतं.

महाडच्या आमच्या छोट्या म्युझियममध्ये एका वाद्यवृंदाचं प्रदर्शन भरणार होतं. वृंदातले सगळे आत्याकडे जेवणारे कामगार. ड्रम, पाइप, घमेली वाजवून ते नवे आवाज शोधतात. त्यांचा सर्वांत खोल आवाज आत्याच्या टोपाचा. कार्यक्रमापुरता नेतात, घासून परत देतात. टोप नसेल तर आम्हीही नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

मी रजिस्ट्रार. म्हणजे म्युझियममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंची जबाबदारी माझी. उसनी आणलेली वस्तू प्रदर्शन संपेपर्यंत काचेत राहते.

"तीन महिने टोप काचेत," आत्या म्हणाली, "मग ही पोरं काय तुझं सर्टिफिकेट खातील रे?"

नवा घेऊन देतो म्हटलं. वृंदाचा प्रमुख सुरेश तिथेच जेवत होता. नव्याला तो आवाज नाय, म्हणाला. मला कुतूहल वाटलं. शेजारी डाळीचा टोप होता, त्याच दुकानातला, त्याच मापाचा. वाजवून पाहिला. आवाज चढा. मग भाताचा टोप उजेडात धरला. रोज खरवडून त्याचा तळ मधोमध पातळ झाला होता.

"आवाज दरवर्षी जरा खाली उतरतो," सुरेश म्हणाला. "आम्ही बाकीचं त्याला जुळवतो."

म्हणजे काचेत ठेवला की टोप तिथेच थांबणार. हे मी क्युरेटर मॅडमना सांगितलं.

"मग मधल्या स्टँडवर काय ठेवू?"

"पाटी."

पाटीवर लिहिलं: वस्तू वापरात आहे. रविवारी संध्याकाळी येते. त्या वेळी खानावळ बंद असते. वृंदानेही होकार दिला.

लोक सर्वांत जास्त थांबले ते रिकाम्या स्टँडपुढे. काहीजण चौकशी करत बिरवाडीला गेले. आत्याने त्यांना आधी जेवायला बसवलं. टोप रिकामा झाल्याशिवाय वाजत नाही.

नियम वस्तू बघून करावा, एवढं मी यातून शिकलो.

वस्तू उसनी घेताना मालकाला पत्र द्यावं लागतं. पहिल्या रविवारच्या आधी मी दिलेलं पत्र असं:

आत्या,

सप्रेम जयभीम. टोपाची नोंद केली. वस्तूला काय झालंय ते लिहावं लागतं. 'तळ झिजलेला' असं लिहिलं. पुढे कारण विचारलं होतं. 'भाच्याचं शिक्षण' लिहिलं. मॅडमनी वाचून सही केली.

रविवारी रिक्षा पाठवतो. टोपासोबत तूही ये.