दाणा दिसला की काम गेलं

खाजाभाईंनी पस्तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. लग्नपत्रिका, जत्रेची पोस्टरं, चादरींच्या पिशव्या. छपाईत रंगाचा ठिपका सुटा दिसला तर ते त्याला दाणा म्हणत, आणि दाणा दिसला की काम गेलं, हा त्यांचा कायदा. कागद नाकाशी धरून भिंगातून तपासायचे. डिजिटलवाल्यांनी धंदा खाल्ला तसं त्यांनी टेबल मोडायचं ठरवलं. शेवटचं काम तेवढं निर्मळ व्हावं, एवढीच इच्छा होती. ते शेवटचं काम नेमकं माझं निघालं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि लवकर तापतो. फ्रान्समधल्या एका जुन्या चित्रकाराच्या गवताच्या गंज्या पुढे एका अमेरिकन चित्रकारानं निव्वळ ठिपक्यांत छापल्या. पुस्तकात त्या पाहून मी खुळावलो होतो. दोघांना मिळून एक नमस्कार म्हणून मी माढ्याकडची कडब्याची गंजी तशीच केली. पिवळे, लाल, निळे ठिपके, छापायला प्रत्येक रंगाची एक अशा तीन फिल्मा.

खाजाभाईंनी फिल्मांवरच्या ठिपक्यांमधल्या फटी मायेनं शाईनं बुजवल्या आणि मग छापलं. निघाला तो गोवरीसारखा तपकिरी डाग. वर म्हणाले, "फिल्म खराब हुती सर, दुरुस्त केली." माझा पारा चढला, नको ते बोललो.

ते शांतपणे म्हणाले, "जाता जाता माज्या हातनं असलं दाणेदार काम करून घेता व्हय?"

तरी नव्या फिल्मांवरून त्यांनी पुन्हा छापलं, तोंड पाडून. ओला कागद दुकानाच्या दारातल्या दोरीला लावला आणि पाठ फिरवली.

त्यांची बायको बिबीजान गल्लीपलीकडे घराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "अजी, इसमें मगरिब का वखत दिक्रा." मगरिब म्हणजे दिवस मावळल्याबरोबरची नमाज; तिला चित्रात ती वेळ दिसत होती.

खाजाभाई गल्ली ओलांडून तिच्याशेजारी उभे राहिले, मागोमाग मीही. आपलं काम इतक्या लांबून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. तिथून दाणे दिसेनात. गंजीच्या पाठीवरचं ऊन सरत होतं, पायथ्याला सावली जांभळी पडली होती, आणि जांभळा रंग तर आम्ही वापरलाच नव्हता. चित्र माझंच, तरी माझ्या अंगावर काटा आला.

ते कागदाजवळ आले, दाणे. मागे गेले, ऊन. असं चार-पाचदा केलं. मी पेन्सिल पुढे केली, म्हटलं, "खाली सही करा, खाजाभाई."

"सही ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पस्तीस वर्सं दाणे बुजवत आलो, सर. किती संध्याकाळी बुजवल्या असतील ओ मी?"