आली का यादी?

"निवडून घे, बापा. देवाले वाह्याचं हाय, माह्या मर्जीचं काहून घेतं?"

असं म्हणून ती टोपली गिऱ्हाइकाकडे फिरवायची. जठारपेठेत तुम्ही कधी फुलं घेतली असतील तर ती तुम्हाला आठवेल. बाकीच्या फुलवाल्या फुलांना हात लावू देत नाहीत. हिचा कारभार उलटा. फुलं आपण निवडायची आणि तिनं ती पळसाच्या पानात बांधून द्यायची. कोणी घाईत म्हणालं, "मावशी, द्या काहीही," तर हातातलं पान ती खाली ठेवायची. "काहीही पायजे तं घरीच बस नं!"

मी अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर बसतो. कार्ड तपासायचं, कागद कंपनीला पाठवायचे आणि होकार येईपर्यंत लोकांच्या शिव्या खायच्या, एवढं माझं काम. त्या उन्हाळ्यात मावशी खिडकीशी येऊन उभी राहिली, तर मी तिला ओळखलंच नाही. टोपलीशिवाय तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याच्या कंपनीनं आईचाही विमा उतरवलेला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "गर्भाच्या पिशवीत गाठ हाय म्हणते बाई. लवकर काढा लागते."

बाई म्हणजे तिची डॉक्टरीणबाई. तिच्याच गल्लीत त्यांचा लहानसा दवाखाना. मावशीची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलेली. ऑपरेशन बाईंच्याच हातून व्हावं आणि ते कार्डावर व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते कार्ड चालतं अशा दवाखान्यांची यादी मी काढून पाहिली. बाईंच्या दवाखान्याचं नाव त्यात नव्हतं.

"मावशी, इथंच करून घ्या नं. आमचे डॉक्टर चांगले आहेत."

"असतीन. मी कोठी वाईट म्हणून राहिली? पण त्यायले मी ओळखत नाई. बाईनं मले रडतानी पाह्यलं हाय." मग म्हणाली, "एवढंसं फूल लोकं निवडून घेतात, अन् माह्या अंगाले हात कोनं लावाव, थे मी निवडू नाई?"

मागे रांग वाढत होती, कोणीतरी कुरकुरत होतं. मी म्हणालो, "नवीन यादी येणार आहे. तिच्यात बाईंचं नाव येईल."

असं काहीही ठरलेलं नव्हतं. ती बाजूला व्हावी म्हणून मी बोललो.

ती खूश होऊन गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा आली, पळसाच्या पानात मोगऱ्याची चार फुलं घेऊन. ती माझ्या खिडकीत ठेवली आणि विचारलं, "आली का यादी?" मग दर सोमवारचा हा नेमच झाला. माझ्याबरोबर काम करणारे काहीजण हसायचे, "साहेब, तुमची यादी आली पाहा." मीही हसायचो. मोगरा संपला, झेंडू आला. तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला मला दिसत होता. "बाईंना भेटलात का?" मी एकदा विचारलं. "यादी आल्यावरच जाईन. रिकाम्या हातानं गेलं तं, अजून गाठ काढली नाई म्हणून बाई रागावते."

आता खरी गोष्ट सांगतो. यादीबाहेरच्या दवाखान्यातही तिला ऑपरेशन करून घेता आलं असतं. आधी आपण पैसे भरायचे, मग कागद पाठवून कंपनीकडून ते परत मागायचे. तिच्या कार्डावर ती सोय होती, मला माहीत होती. पण फुलं विकणारी बाई, ही कुठून आणणार एवढे पैसे, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. तिला विचारलंसुद्धा नाही.

शेवंतीच्या दिवसांत एक सोमवार रिकामा गेला, मग दुसराही. तिसऱ्या सोमवारी मी तिच्या घरी गेलो, तर तेरवी होऊन गेली होती. शेवटी बाईंनीच तिला पाहिलं, पण तोवर गाठ साऱ्या पोटात पसरली होती.

तिच्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही.

"मायजवळ सोन्याची पोत होती," ती म्हणाली. "मोडली असती नं, भाऊ. बाईच्या हातून होते म्हटलं असतं तं तिनं हासत मोडली असती. तुमी एकडाव इचारून तं पाह्याचं होतं."

आता खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्ही रस्ते आधी सांगतो. लोक म्हणतात, हा माणूस फार समजावून सांगतो. मला त्या कौतुकाची लाज वाटते.

मावशीच्या जागेवर आता तिची मुलगी बसते. कित्येक दिवस मी त्या रस्त्यानं गेलोच नाही. परवा गेलो. टोपलीशेजारी ठेवलेल्या मावशीच्या फोटोला वाहायला फुलं हवी होती. मुलीनं टोपली माझ्याकडे फिरवली.

माझा हात काही पुढे होईना.

"तुम्हीच द्या," मी म्हणालो.

"नाई, भाऊ," तिनं पळसाचं पान मांडीवर पसरलं. "मायच्या टोपलीत तसं चालत नाई."