बाजूच्या सीटवरचा ब्रेक

आमचे हे, म्हणजे किसनराव, उभी नोकरी एसटीत ड्रायव्हर, आता रिटायर. अकोला-तेल्हारा रस्ता तोंडपाठ. स्वतःची गाडी म्हणाल तर सायकल. हातून कधी अपघात झाला नाही, पण जगातले सगळे अपघात याच माणसाच्या डोक्यात मुक्कामाला.

आमची दीक्षा तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात नर्स. जावई नागपूरला, म्हणून ती लेकीला घेऊन अकोल्यात आमच्याकडे राहते. जाण्यायेण्याला शेअरची जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. दीक्षा घरी येईतो तिची आचल रडून रडून झोपलेली असायची. एक दिवस पोरगी म्हणाली, "आई, गाडी घेतो, नाईतर नोकरी सोडतो."

तिला शिकवायला यांनी किती डबल ड्युट्या केल्या, ते मला ठाऊक.

मग जुन्या गाड्या पाहणं सुरू झालं. हे प्रत्येक गाडीत शिरून वास घ्यायचे, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचे. टोकाला गाळाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली, म्हणे. आणि निघताना विकणाऱ्याला हमखास विचारायचे, "भाऊ, हिच्यात कोनी गेलं तर नाई ना?" एकजण भांडायलाच उठला. मी म्हटलं, "तुमाले गाडी घ्याचीच नाई, सरळ सांगा ना."

शेवटी दर्यापूरच्या रामराव मास्तरांची पांढरी गाडी पसंत पडली. शेजारच्या शकुनने लिंबू-मिरची आणली. आमच्या घरी ते चालत नाही. हे म्हणाले, "लिंबानं ब्रेक लागते काय?" लागत नाही, खरं आहे. पण बांधायला काही नसलेल्या माणसाने भीती ठेवायची कुठे?

यांनी ती भीती पायात ठेवली. दीक्षा चालवायची, हे बाजूला बसून तेल्हाऱ्याला जायचे आणि दिवसभर दवाखान्याबाहेर बसायचे. ट्रक दिसला की यांचा उजवा पाय खाली दाबलेला. तिथे कुठला ब्रेक, नुसती रबरी मॅट. "बाबा पाय दाबते अन् मी घाबरतो," दीक्षा सांगायची.

परवा जेवताना ती म्हणाली, "उद्या मी एकटीच जातो." यांनी ताट सरकवलं. मी भडकले. "तुमीच शिकवलं, आता घरी बसवता काय तिले?"

"ललिता, तुले रस्ता माईत नाई," एवढंच बोलले.

भीती मलाही होतीच. पण घरात दोघांनीही भ्यायचं म्हटलं तर पोरीने जायचं कसं?

सकाळी दीक्षाने गाडी सुरू केली आणि थांबली. हॉर्न नाही, काही नाही. नुसती बाबांकडे पाहत राहिली. लहानपणी ती यांच्या एसटीत पुढे बसायची. कंडक्टरची डबल बेल आल्याशिवाय बाप गाडी हलवत नाही, हे तिने पाहिलेलं. आचल माझ्या कडेवर होती. मला वाटलं, आता हे दार उघडून आत बसणार.

हे गाडीपाशी गेले. खिडकीतून हात घालून तिने लावलेला पट्टा ओढून पाहिला. मग मागे येऊन टपावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. आणि दोनदा थाप मारली.

गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. "चला आता घरात," मी म्हटलं. हे हलेनात. उजवा पाय जमिनीत दाबून उभे होते. मी काही बोलणार, तेवढ्यात खाली पाहिलं, तर माझाही पाय तसाच.