पित्ताच्या गोळ्या

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या वरच्या अंगाला जे पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावर गोजर राहते. तिच्या चुलीवर भाकरी करपली तर ती आधी दार लोटून घेते आणि मग तवा उतरवते. करपल्याचा वास शेजारी जायला नको! उसनी साखर आणायची तर वाटी पदराखाली झाकून आणते. सासू कधीच देवाघरी गेली, जावा-नणंदा नाहीत, म्हणजे नावं ठेवायला घरात कुणी उरलेलंच नाही. तरीही गोजरला जन्मभर वाटत आलं, की कुणीतरी दाराआडून आपल्याकडे बघतंय.

अशा बाईच्या पदरात देवाने नामासारखा नवरा घातला. माणूस सोन्यासारखा. शेतात वाघ, घरात गाय. पण रविना, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, शाळेत जायला लागली त्या वर्षी भातकापणीनंतर नामाचं डोकं फिरलं. झोप उडाली. बोलायला लागला की थांबेना. ओढ्यावर पूल बांधतो, धरणाचं पाणी डोंगरावर चढवतो, असं सांगत सुटला आणि कणगीतलं भात दारात येईल त्याला वाटून टाकलं. शेवटी गावदेवीच्या देवळाच्या कौलांवर जाऊन बसला, तेव्हा चार गड्यांनी धरून खाली उतरवला. हे अख्ख्या पाड्याने पाहिलं. निम्म्या पाड्याने तर ते भातही नेलं होतं. पण गोजरच्या लेखी ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

शहापूरला मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि नामा हळूहळू जमिनीवर आला. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "हे औषध गुणाचं आहे, पण नाजूक आहे. कमी पडलं तर आजार उठेल, जास्त झालं तर विष होईल. कुणाला चार गोळ्या लागतात, कुणाला दोन. यांना किती लागतात ते यांचं रक्त सांगणार. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, औषध किती उतरलंय ते बघायचं आणि त्यावर गोळी ठरवायची. पाणी भरपूर प्यायचं. जेवणातलं मीठ आहे तेवढंच ठेवायचं. आणि दुसरा कुठलाही डॉक्टर भेटला तर या गोळीचं नाव आधी सांगायचं."

नामाने मान डोलावली. गोजरनेही डोलावली. पाड्यावर परतल्यावर कुणीतरी विचारलं, "कसल्या गो गोळ्या?"

"पित्ताच्या," गोजर म्हणाली.

तेव्हापासून त्या पित्ताच्याच गोळ्या झाल्या. नामा हसायचा. म्हणायचा, "एवढं पित्त असतं तर मी पार हिरवा झालो असतो गो." पण चारचौघांत त्याने तिला कधी दुरुस्त केलं नाही. तो गोळ्या वेळेवर घ्यायचा, दर तीन महिन्यांनी शहापूरला जाऊन दंड पुढे करायचा, आणि वर्षं चांगली गेली.

रविना मोठी झाली, कंपनीत कामाला लागली. मुरबाडकडच्या ज्ञानेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा कमावता. बोलणी व्हायच्या दिवशी गोजरने गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली. पाहुण्यांना घावणे खाऊ घातले आणि ते ओटीवर असेपर्यंत स्वतः घासभरही खाल्लं नाही. सोयरीक जमली. लग्न वैशाखात ठरलं. आता वैशाखापर्यंत काही बाहेर फुटू नये, एवढा एकच ध्यास तिला लागला.

माघात शाळेत आरोग्य शिबिर भरलं. नामाचा रक्तदाब जरासा चढा निघाला. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का, काका?" मागे निम्मा पाडा रांगेत उभा. नामाने तोंड उघडलं, तेवढ्यात गोजर मध्येच म्हणाली, "पित्ताच्या घेतात कवाकवा."

"मग मीठ जरा कमी करा," ती मुलगी म्हणाली. तिला जे सांगितलं त्यावर तिने बरोबरच सांगितलं.

गोजर कुठलीही गोष्ट अर्धी करत नाही. शेजारच्या पाड्यावरचा एकजण लकवा होऊन खाटेला खिळला होता. तसं काही लग्नाच्या आधी झालं तर? तिने नामाच्या ताटातलं मीठ पार बंद केलं. सुकट गेली, लोणचं गेलं, पापड गेला. नामाने पहिला घास तोंडात घातला आणि तिच्याकडे पाहिलं. मग गुमान जेवला. डॉक्टरीणबाईंचं मिठाबद्दलचं बोलणं गोजर विसरली होती का? नाही. आठवलं होतं. पण शिबिराचे लोक नवे, त्यांना जास्त कळत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं तर तिला शहापूरला जाऊन विचारायचंच नव्हतं. मनाच्या आजाराच्या त्या रांगेत मुरबाडकडचं कुणी भेटलं म्हणजे? त्या वेळची रक्ततपासणीही तिने अशीच पुढे ढकलली. "लगीन होऊ द्या, मंग जाऊ."

ते राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून काढायचे दिवस होते. नामा उन्हात झाडपाल्याची कवळं वाहायचा, शेतावर पसरून पेटवायचा, आगीशेजारी घाम गाळायचा आणि घरी येऊन अळणी जेवायचा. फाल्गुनात त्याच्या हाताला कापरं भरलं. चहा बशीत कमी आणि मांडीवर जास्त सांडू लागला. जीभ जड झाली. बांधावरून चालताना त्याचा पाय भलतीकडेच पडायचा.

पाड्याला अशा चालीचा अर्थ पाठ होता. शेजारची बुधी पाणवठ्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "गो गोजर, नामादादा प्याया लागला काय?"

इथे मात्र मला गोजरची बाजू घेता येणार नाही. कारण त्याआधी दोन दिवस तिने झोपलेल्या नामाच्या तोंडाशी नाक नेऊन पाहिलं होतं. दारूचा वास नव्हता. नामा पीत नाही हे तिला जसं ठाऊक होतं, तसं ते देवालाही ठाऊक नसेल. पण दारू नाही म्हटलं तर मग काय, हा प्रश्न येणार. लोकांना देवळाची कौलं आठवणार. पिणारे पाड्यावर घरटी एक होते, त्यांच्या पोरींची लग्नं अडत नव्हती. डोकं फिरलेला एकटा नामाच होता. हा सगळा हिशेब कळशी भरेपर्यंत गोजरच्या मनात झाला.

"व्हय गो," ती म्हणाली. "लागलाय नादाला. काय सांगू तुला?"

आणि डोळ्याला पदर लावला. पदर लावला म्हणजे पाणी येतंच, तसं ते आलंही.

बुधीला सांगितलं म्हणजे पाड्याला सांगितलं. बायांना कळवळा आला. पोरीचं लग्न तोंडावर, बापाला आवरायला पाहिजे. एके सकाळी चार बाया आणि दोन वडीलधारे घरी आले आणि नामाला गावदेवीपुढे घेऊन गेले. देवीपुढे नारळ ठेवला. "हात ठेव नारळावर आन् सोडली म्हण."

नामाने गोजरकडे एकदाच पाहिलं. ती देवीकडे बघत होती. त्याने लटपटता हात नारळावर ठेवला. "सोडली," तो म्हणाला, पण जीभ वळत नव्हती, शब्द धड फुटला नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "शपथ घ्यायला पन पिऊनशीच आला!"

गोजरला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण जमीन दुभंगत नाही. ती घरी आली आणि तिने नेहमीसारखं अळणी कालवण रांधलं.

त्याच आठवड्यात नामाला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि अंगणात पाणी घ्यायला वाकला तो तसाच आडवा झाला. रविना घरी होती म्हणून वाचला. तिने आईला विचारत बसण्यात वेळ घालवला नाही, फोन करून इको गाडी बोलावली. गाडीवाला आरशातून बघत म्हणाला, "जास्त झाली वाटतं काकांना." गोजर गप्प. शहापूरच्या दवाखान्यात दारातल्या माणसाने विचारलं, "काय प्यालाय?" तेव्हाही गोजर गप्प. रविनाच ओरडली, "माझा बाबा पीत नाय! तुमी लिथियमच्या बाईंना बोलवा!" लेकीच्या तोंडून गोळीचं नाव ऐकून गोजर दचकली. पोरीला तिने कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नामाला बोट नाकाला लावायला सांगितलं, ते गालावर गेलं. त्यांनी लगेच रक्त काढून पाठवलं. आकडा आला तेव्हा त्या बाकावर गोजरच्या शेजारीच बसल्या.

"औषध रक्तात एकच्या आत असायला हवं. दोनच्या वर गेलंय. गोळ्या जास्त दिल्या का?"

"नाय बाई. होत्या तेवढ्याच."

"दुखण्याच्या गोळ्या? दुसरं काही? खाण्यात काही बदल?"

समोर रविना उभी होती. "मीठ बंद केलं व्हतं," गोजर म्हणाली. मग शिबिर सांगितलं, आणि शिबिरात आपण पित्ताच्या गोळ्या सांगितल्या तेही सांगावं लागलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर गोजरला बरं वाटलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, की शरीराला मीठ मिळेनासं झालं की ते हे औषध मीठ समजून धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तात साचत जातात. "ही सलाईन लावलीय ना, हे मिठाचंच पाणी आहे. वेळेत आलात. दारूचं म्हणाल तर यात दारूचा काहीही संबंध नाही."

"आये," रविना म्हणाली, "तू तर बुधीकाकीला सांगितलंस, बाबा पितो म्हणून."

गोजर सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी नामाची जीभ सुटली, हाताचं कापरं कमी झालं. दुपारी तो उशीला टेकून बसला होता, तेवढ्यात वॉर्डाच्या दारात व्याही उभे राहिले. ज्ञानेश्वर एकटेच आले होते आणि हातात काही नव्हतं. सोयऱ्याच्या आजारपणाला माणूस निदान नारळपाणी घेऊन येतो.

ते बसले नाहीत. "विहीणबाय, मी भेटाया आलो, पन बोलायाबी आलो. देवीपुढं शपथ घ्यायला लावली, असं आमाला सरळगावच्या बाजारात कळलं. माझा धाकला भाव दारूनं गेला. त्याच्या बायकोपोरांचं काय झालं ते मी पाहिलंय. पोरीची काय बी चूक नाय. पन दारूच्या घराशी सोयरीक मला नको."

रविना भिंतीला टेकली. नामा खाली बघत होता.

गोजरला वाटलं, गप्प राहिलं तरी लग्न मोडतंय, आणि खरं बोललं तरी मोडणारच. मग निदान नामाच्या डोक्यावरचं एक तरी ओझं उतरू दे. ती उठली. तिचा आवाज वॉर्डभर ऐकू गेला.

"माझा दादला पीत नाय. कवाच प्याला नाय. मी खोटं बोलले. त्याला डोक्याचा आजार हाय, वर्सानुवर्सं गोळ्या चालू हायेत. त्याच गोळ्या माझ्यामुळं जास्त झाल्या, म्हून तो लटपटत व्हता. आजार कळला तर पोरीचं लगीन मोडंल, म्हून मी त्याला बेवडा केला. आता मोडायचं तर मोडा. पन त्याला बेवडा म्हनू नका."

ज्ञानेश्वरांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"आजाराचं आमाला ठावं हाय, विहीणबाय. सुपारी फुटायच्या आधीपासनं. नामादादांनीच सांगितलं. माझ्या दारात आले, खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं, आन् म्हनले, हे असं असं हाय, पोर फसवून द्यायची नाय मला. त्याच दिवशी मी घरात सांगितलं, या मानसाची पोर आणायची. दारू नाय, तर सोयरीक हाय तशीच हाय."

जी गोष्ट गोजर इतकी वर्षं झाकत होती, ती व्याह्यांना माहीत होती, लेकीला माहीत होती, पाड्याला तर सुरुवातीपासून माहीत होती. त्या गोष्टीची लाज वाटत होती ती फक्त गोजरला एकटीला. आणि लग्न मोडायला निघालं होतं ते आजारामुळे नव्हे, तिच्या तोंडच्या एका शब्दामुळे.

व्याही आणि रविना चहा आणायला बाहेर गेले. गोजरने पदराने तोंड झाकलं. पदराआडूनच तिने विचारलं, "देवीपुढं सांगायचं नाय का तुमी? मी पीत नाय म्हून? का घेतली शपथ?"

नामाला अजून शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तू बोलून गेली व्हतीस ना, गो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरं तुला खोटी पाडू काय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गोजरने पदर काढला नाही. तिला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.