पोह्यांच्या ताटाशेजारची गोळी

माझी धाकटी जाऊ बेबीनंदा वाटूरच्या अंगणवाडीत सेविका हाय. शुगर जुनी, वजन भारी, गुडघे गेलेले. जालन्याच्या डॉक्टरीणबाईनं तिला नवी गोळी लिहून दिली. सुई न्हाई, टोचणं न्हाई, रोज एक गिळायची. आधी मळमळलं, मंग भूक आवरली, शुगर उतरली अन् बेबी बारीक व्हायला लागली.

आमच्या गावात बारीक झालेलं माणूस बरं झालं असं कोणी म्हणत न्हाई. नळावर बायका माझ्या कानाशी लागायच्या, टीबी हाय का, का त्याहून मोठं काही? तुमच्या तोंडाला दुसरं काम न्हाई का, म्हणून मी त्यांना झापायचे.

तेवढ्यात तिच्या लेकीला, प्रीतीला मंठ्याचं स्थळ आलं. माझा दीर, बेबीचा नवरा भारत हट्टाला पेटला. गोळी बंद कर, अंगावर जरा मांस दिसू दे, पाहुण्यांपुढं शुगरचं नाव काढू नको. बेबी म्हणली, लोकांना कळू नये म्हणून माझ्या आईनं दवाई सोडल्ती, तिचा पाय कापावा लागला, मी सोडणार न्हाई. पाहुणे यायच्या दिवशी या बहाद्दरानं गोळ्यांचं पाकीटच पिठाच्या डब्यात दडपलं. बेबीनं ते पाहिलं अन् पोह्यांना लागली.

जयभीम झाला, पोहे झाले. मुलाची आई सुरेखाबाई बेबीला सारखी निरखून राह्यल्ती. शेवटी मुलाचा बाप म्हणला, प्रीतीची आई लई खंगलेली दिसते. ऊन बाधलं, म्हणून भारतनं ठोकून दिलं.

बेबी उठली, डबा आणला, पिठानं माखलेलं पाकीट पोह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मला शुगर हाय. या गोळीनं बारीक झाले. खंगले न्हाई, बरी झाले."

अन् सगळ्यांदेखत एक गोळी गिळली. खोटं कशाला बोलू, मला टाळी वाजवावी वाटली.

पाहुण्यांनी नकार कळवला. भारतनं बायकोशी बोलणं टाकलं. प्रीती मात्र म्हणली, आईच्या गोळीला भेणाऱ्या घरात मला जायचंच न्हाई.

मंग एका दुपारी बेबीला सुरेखाबाईचा फोन आला, आवाज एकदम दबका. शुगर तिलाही होती अन् घरात कोणाला पत्ता न्हाई. तिला डॉक्टरीणबाईचं नाव पाहिजे होतं. मी असते तर चांगलं खडसावलं असतं. बेबीनं नाव सांगितलं, दवाखान्याचा पत्ता बराबर समजावला.

"अन् बाई, डॉक्टरीणबाई जी गोळी देईल ती नवऱ्यासमोर घ्या. अशाच गोळीपायी तुमच्याच घरी माझ्या लेकीची सोयरीक मोडली."