पाच खुर्च्यांचा वर्ग

चहा जरा खाली ठेवा, नाहीतर सांडाल! माझी जी काय फजिती झालीय ना, ती आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मी आयटीआयमध्ये फ्रिज-एसी दुरुस्ती शिकवतो. राहतो घाटकोपरला, एकटाच. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. यंदा अभ्यासक्रम बदलला आणि आम्हा मास्तरांनाच ट्रेनिंग! घरी दहा मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करून पाठवायचा. मुलांना नावाने हाक मारा, प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या. नापास झालात तर वर्ग बंद, बसा स्टोअरमध्ये पाने-पक्कड सांभाळत. वाटच लागली! अहो, वर्ग गेला तर मी दिवसभर बोलू कुणाशी?

घरी मुलं कुठली? मांडल्या पाच खुर्च्या, एकेकीला नाव दिलं आणि सुटलो. "गावडे, मस्ती बंद! कॉम्प्रेसर का तापतो?... शाब्बास!"

बेल वाजली. शेजारच्या परबवहिनी.

"भावोजी, पाहुणे आलेत ना? किती दिवसांनी तुमच्या घरातून आवाज आला हो!"

इतक्या खूश होत्या, कसं सांगू खुर्च्या आहेत म्हणून? "हो... पाच जण आहेत."

झालं! पाच बशा पोहे आले. ते कुणी खाल्ले, विचारू नका.

बेलमुळे पाठ बिघडला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत. परत पाच बशा, या खेपेला उपमा! तिसऱ्या दिवशी वहिनी दारातच म्हणाल्या, "तो गावडे भारीच वाह्यात दिसतो. रोज ओरडता त्याला. थांबा, मीच बोलते त्याच्याशी."

आणि सरळ आत!

पाच खुर्च्या. रिकाम्या. मला रडूच आलं हो.

वहिनी तशाच पुढे झाल्या. पहिल्या खुर्चीत बसल्या. "गावडेची हीच ना? हं, शिकवा."

शिकवलं! जीव ओतून शिकवलं. समोर चक्क माणूस होतं ना! मोबाईल चालूच होता, तोच व्हिडिओ पाठवून दिला.

आठवड्याने शेरा आला: "विषयाची जाण उत्तम. पाठ दहा मिनिटांचा हवा, तुमचा पन्नास मिनिटांचा आहे. समोरच्या बाईंनी अकरा वेळा तोंड उघडलं, तुम्ही एकदाही बोलू दिलं नाहीत. पुन्हा करा."

तीन वर्षं घरी बोलायला कुणी नाही म्हणून कुढणारा मी! ओशाळून वहिनींना वाचून दाखवलं.

"येईन की परत," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या दहा बशा द्या. त्या दिवशी अकरा वेळा तेच सांगत होते!"